खगोल छायाचित्रण, हौशी
रात्रीच्या आकाशातील तारे, ग्रह, तेजोमेघ, दीर्घिका इत्यादींची छायाचित्रे छंद म्हणून घेणे. डोळा प्रकाश साठवू शकत नाही; फिल्म किंवा संवेदक साठवतो. म्हणून दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे छायाचित्रात उमटतात. हे ठसठशीतपणे दाखवण्यात हौशी मंडळीच पुढे होती : पेशाने अभियंता असलेल्या इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन यांनी १८८३ मध्ये ३६ इंची दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ टिपला; १८८८ मध्ये उद्योजक आयझॅक रॉबर्ट्स यांच्या छायाचित्रात देवयानी दीर्घिकेची सर्पिल रचना दिसली.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. खरी अडचण हीच. साध्या तिपाईवर ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने (मिमी.) भागून येतात तितके सेकंद तारे ठिपक्यांसारखे राहतात, असा ठोकताळा आहे. आजच्या सूक्ष्म संवेदकांना तो सैलच पडतो. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. काही जण मुद्दाम त्याच टिपतात. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असल्याने त्याभोवतीची मोठी वर्तुळे अपुरीच राहतात. अंधुक तेजोमेघांसाठी आकाशाबरोबर फिरणारी बैठक लागते. अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र करून त्यांतील ‘नॉइज’ (प्रतिमेतील नकोसा दाणेदारपणा) घटवतात. महाराष्ट्रात पावसाळा या छंदाला जवळजवळ निरुपयोगी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील अमावास्येच्या आसपासच्या रात्री उत्तम, मात्र शहरी दिव्यांपासून दूर.