जुने गोवे : घराविना उरलेले दरवाजे

जुन्या गोव्याला येणारा पर्यटक बहुधा बॉम जेझूची बाझिलिका आणि से कॅथेड्रल यांची छायाचित्रे घेऊन परततो. ती घ्यावीत यात शंका नाही. १९८६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला तो या चर्चेस आणि कॉन्व्हेंटनाच. मात्र चर्च म्हणजे शहर नव्हे. ज्या राजधानीत ही देवालये उभी राहिली तिचे वाडे, बाजार, तुरुंग, गोदी यांपैकी डोळ्यांना दिसेल असे फारच थोडे शिल्लक आहे. शहराच्या लौकिक जीवनाची साक्ष देणारे तीन दरवाजे तेवढे उरले आहेत, आणि तिघांच्याही मागे आज घर नाही.

यांतला सर्वांत जुना दरवाजा सेंट काजेतान चर्चच्या परिसरात आहे. सहा पायऱ्या, त्यांवर काळ्या बसाल्टचे दोन कोरीव खांब, त्यांना जोडणारी आडवी तुळई आणि बाजूंना दगडी जाळ्यांचे काही तुकडे, एवढाच तो अवशेष. हे आदिलशहाच्या वाड्याचे प्रवेशद्वार. वाडा सुलतानाचा, पण दाराला कमान नाही. खांब आणि तुळई ही घडण आपल्याकडच्या देवळांची आहे. कारागीर इथलेच असणार, हे दगडाकडे पाहताच कळते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने शहर जिंकल्यावर हाच वाडा पोर्तुगीज गव्हर्नरांचे निवासस्थान झाला आणि १५५४ पर्यंत तसाच राहिला. साथीच्या रोगांनी शहर ओस पडू लागले तेव्हा १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणेलीला राहावयास गेले. १८२० च्या सुमारास वाडा पाडला गेला आणि त्याचा दगड नव्या बांधकामांसाठी पणजीला नेण्यात आला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुने गोवे पडले हे खरे, पण त्याहून अधिक ते उचलून नेले गेले. पणजीच्या जुन्या भिंतींतून त्याचा दगड आजही उभा असेल.

या दरवाजाचे छायाचित्र घेताना बहुतेक जण सहज चुकतात. चौकट पूर्ण भरावी म्हणून जवळ जातात आणि मग कोणत्याही संग्रहालयात मांडलेल्या शिल्पखंडासारखे ते दिसू लागते. चार पावले मागे सरावे. पायऱ्या चढून जिथे पोहोचायचे ती मोकळी जागा चित्रात यायला हवी, कारण या दरवाजाची खरी गोष्ट तीच आहे.

दुसरा दरवाजा फोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. सेंट पॉल कॉलेजचा. भरधाव वाहनांतून तो क्षणभर दिसतो न दिसतो. जांभ्या दगडाची उंच कमान, दोन्ही बाजूंस बसाल्टचे कोरिंथियन धाटणीचे खांब आणि माथ्यावर क्रूस. १५४२ च्या सुमारास सुरू झालेली ही संस्था पुढे जेझुइटांच्या हाती आली आणि आशियातील त्यांच्या कार्याचे मोठे केंद्र ठरली. फ्रान्सिस झेव्हियर यांचे वास्तव्य येथे होते. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये इथेच सुरू झाला. आपण रोज सकाळी जे छापील अक्षर वाचतो त्याचा या देशातला उगम एका रस्त्याकडेच्या कमानीपाशी आहे, ही गोष्ट गोव्यातील वाचकांनाही अनेकदा ठाऊक नसते. मराठीचा संबंध थोडा पुढचा. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते सासष्टीतील राचोलला. साथींमुळे कॉलेजही दुसरीकडे हलले आणि १८३० च्या आसपास दर्शनी भाग तेवढा ठेवून उरलेली इमारत पाडण्यात आली. दगडाची वाट पुन्हा पणजीचीच.

तिसरी, आणि सर्वांत अधिक टिपली जाणारी, व्हाइसरॉयची कमान. मांडवीच्या धक्क्यावर उतरलेला नवा व्हाइसरॉय या कमानीतून शहरात प्रवेश करी आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती समारंभपूर्वक दिल्या जात. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, त्याच्या शंभरीच्या निमित्ताने त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने, स्वतः व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली. नदीकडील बाजूच्या कोनाड्यात पणजोबांचा पुतळा बसवला. हा पणतू लोकप्रिय नव्हता. त्याच्या कारकिर्दीच्या शेवटी विरोधकांनी तो पुतळा खाली पाडून त्याचे तुकडे केले. आज दिसतो तो नंतर पुन्हा बसवलेला. कमानीतील कोरीव लेखात १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या अमलातून मुक्त झाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे मांडवीकाठच्या दगडावर स्वातंत्र्याची नोंद आहे, पण ते स्वातंत्र्य राज्यकर्त्यांचे. संपूर्ण कमान १९५४ मध्ये पुन्हा बांधण्यात आली. त्यामुळे छायाचित्रात दिसणारा प्रत्येक दगड चारशे वर्षे तिथेच आहे असे मानू नये.

कमानीला दोन चेहरे आहेत, आणि कॅमेऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. नदीकडील चेहरा हिरवट ग्रॅनाइटचा आणि गामा घराण्याच्या हरणाच्या चिन्हाने सजलेला. शहराकडील बाजूला तलवार धारण केलेली स्त्री असून तिच्या पायाखाली एक पुरुष आहे. पायाखालचा माणूस म्हणजे इथला पराभूत, आदिलशाहीचा प्रतिनिधी, असे सामान्यतः सांगितले जाते. स्त्री संत कॅथरीन असावी असे मानले तर एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. युरोपीय कलेत कॅथरीनच्या पायाखाली रोमन सम्राट मॅक्सेंटियस दाखवण्याची परंपरा आहे, आणि गोवा जिंकले तो दिवस याच संतिणीच्या सणाचा. मला वाटते, शिल्पकाराला दोन्ही अर्थ हवे असावेत. शहरातून नदीकडे जाणाऱ्याला, म्हणजे मुख्यतः इथल्या रहिवाशाला, जी बाजू दिसे तिच्यावर हे शिल्प आहे, हे विसरता कामा नये. आजचा पर्यटक रस्त्याने येतो, त्यामुळे तोही प्रथम ह्याच बाजूला पोहोचतो. पण कमानीखालून पुढे जाऊन गामाचे छायाचित्र घेतो आणि मागे वळून वर पाहत नाही. दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी ठेवल्याखेरीज ही कमान समजत नाही.

प्रकाशाचेही एक गणित आहे. कमानीचा नदीकडील चेहरा साधारण उत्तरेकडे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पर्यटनाचा हंगाम, पण त्या काळात सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो आणि हा चेहरा सावलीत राहतो. मागे उजळ आकाश आणि पुढे काळवंडलेला गामा, असे चित्र मिळाले तर दोष कॅमेऱ्याचा नव्हे. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपे ऊन या बाजूला लागते आणि कोरीव काम उठून दिसते. जांभा मात्र पावसाळ्यात पाहावा. भिजला की त्याचा तांबूस रंग गडद होतो आणि शेवाळाची हिरवी रेघ सांध्यासांध्यांतून उमटते. दिवाडीच्या फेरीकडे जाणारा रस्ता कमानीखालूनच जातो, तेव्हा मध्यभागी उभे राहून चौकट जुळवत बसणे धोक्याचे. तिन्ही दरवाजे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. हातातल्या कॅमेऱ्याला अडचण नसते. ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरायचा तर आधी परवानगी घ्यावी.

इथून परत न फिरता फेरीने दिवाडीला आणि बेट ओलांडून पुढच्या फेरीने नार्वेला जावे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीचे. पोर्तुगीज काळात ते देऊळ उद्ध्वस्त झाले आणि लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीत, नार्वेला आले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. राज्य शासनाने केलेल्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. व्हाइसरॉयच्या कमानीनंतर या मंदिराचे दार फारच साधे वाटते. उंची बेताची, पुतळा नाही. दारावर देवनागरीतला छोटा शिलालेख आहे. त्यात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी ही तिथी आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कामास प्रारंभ झाल्याची नोंद आहे. ती तिथी १३ नोव्हेंबर १६६८ ची. अक्षरे फार खोल नाहीत, आणि समोरून फ्लॅश मारल्यास ती पुसल्यासारखी सपाट दिसतात. पुजाऱ्यांची अनुमती घेऊन सोबत्याला मोबाइलचा दिवा एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरायला सांगावे. मग एकेक अक्षर सावलीसह वर येते.