दात कुणाचे? श्वानदंशाच्या भरपाईचा जुना प्रश्न

आजचा धागा थोडा लांब आहे आणि त्याची सुरुवात घरातून होते.

गेल्या हिवाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या माझ्या मावशीला कुत्रा चावला. पहाटेची वेळ, दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या, संकलन केंद्राकडे जाणारी पायवाट. उजव्या पोटरीचा लचका निघाला. लस, इम्युनोग्लोब्युलिन, टाके. आणि पुढे तीन आठवडे धार काढायला उकिडवे बसता येईना. कुत्रा अख्ख्या वस्तीच्या ओळखीचा. दुपारी पारावर झोपतो, रात्री धाब्यामागे फिरतो आणि एका शेजाऱ्याच्या अंगणात त्याला रोज भाकरी मिळते. चावल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो कुणाचाच नव्हता. मावशी मला म्हणाली, “तू इतिहास शिकतीस ना गं? मग सांग, पैसं मागायचं तरी कुणाला?”

भरपाई किती मिळणार हे जखम किती खोल आहे यावर ठरत असेल, असे आपल्याला वाटते. जुने ग्रंथ आणि नवे कायदे चाळल्यावर माझे मत बदलले. जखमेचे मोजमाप नंतर येते. आधी विचारला जातो तो प्रश्न एकच : दात कुणाचे?

हा प्रश्न किती जुना आहे? याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दाताच्या आणि शिंगाच्या जनावरांविषयी एक नियम आहे. जनावर माणसावर धावून गेले आणि मालकाला शक्य असूनही त्याने सोडवले नाही, तर मालकाला दंड. सापडलेल्या माणसाने आरडाओरडा करूनही मालक हलला नाही, तर दंड दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जवळपास हाच नियम सापडतो. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य दरबारात मिताक्षरा ही टीका लिहिली आणि पुढे दख्खनमध्ये तिला मोठा मान मिळाला. येथे जनावर पाळणे हा गुन्हा नाही. दोष आहे तो मालकाने हात बांधून बघत राहण्याचा. आजच्या भाषेत ज्याला निष्काळजीपणा म्हणतात, तो हाच.

पण हा दंड राजाच्या तिजोरीत जात असे. जखमीचे काय? त्यासाठी स्मृतींमध्ये एक सुंदर शब्द आहे : समुत्थानव्यय. माणूस पुन्हा उठून उभा राहीपर्यंत जो खर्च होईल तो. एकाने दुसऱ्याला इजा केली, तर दंडाखेरीज हा खर्चही जखमीला द्यावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. मनुस्मृतीत तर त्वचा फाटणे, मांस तुटणे आणि हाड मोडणे अशा चढत्या पायऱ्याच आहेत. (त्याच ग्रंथांत जातीनुसार दंड बदलतो हेही विसरता कामा नये. जखमेची किंमत जखमी कोण आहे यावरही ठरत असे.) हे नियम माणसाने माणसाला केलेल्या मारहाणीचे आहेत, कुत्र्याच्या चाव्याचे नव्हेत. तरीही ही पायऱ्यांची कल्पना लक्षात ठेवा. ती पुढे अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

आता ज्या कुत्र्याला मालकच नाही त्याच्याकडे वळू. कंपनी सरकारने त्याचे उत्तर बंदुकीत आणि काठीत शोधले. मुंबईत १८१३ पासून उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षीस आले की हिशेब बिघडतो. शिपाई घरांतली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. १८३२ मध्ये ही मुदत वाढवल्यावर ६ जूनला कोटातले पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला. जमशेटजी जीजीभाईंसारख्या प्रतिष्ठितांनी अर्ज केले. धार्मिक भावनेच्या अंगाने हा दंगा पुष्कळ अभ्यासला गेला आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट लक्षणीय वाटते. मोकाट आणि पाळीव यांच्यातली रेषा रस्त्यावर कुणालाच आखता येत नव्हती, आणि चावा बसलेल्या माणसाला काही द्यावे हा विचार या साऱ्या व्यवस्थेत कुठे नव्हता.

मग १८६० ची भारतीय दंड संहिता. कलम २८९ : आपल्या ताब्यातल्या जनावरापासून इतरांना धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. १८६० मध्ये हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम होती! हा आकडा २०२४ पर्यंत तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये तो पाच हजार झाला. हा दंडही सरकारजमा होतो. त्यातून जखमीला काही देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, पण तो न्यायालयाच्या मर्जीचा भाग. शिवाय वेळ. मुंबईत २०१० साली एका वृद्ध गृहस्थांना पाळीव कुत्रा चावला, त्या खटल्यात मालकाला शिक्षा झाली २०२३ मध्ये.

पैसे हवे असतील तर दिवाणी दावा. तेथे आपल्याकडे इंग्रजी परंपरा आली. वाघ-सिंह पाळणारा कोणत्याही परिस्थितीत जबाबदार. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ‘हे जनावर अंगावर जाते हे मालकाला आधीपासून ठाऊक होते’ किंवा ‘त्याने काळजी घेतली नाही’ हे जखमीने सिद्ध करायचे. म्हणून आधी कुणाला चावल्याची तक्रार आहे का, कुत्रा बांधलेला होता का, गेटवर पाटी होती का, जखमी त्याच्या आवारात शिरला होता का, कुणी त्याला डिवचले होते का, या बारीकसारीक गोष्टींना महत्त्व येते. यांतली प्रत्येक गोष्ट रक्कम वर किंवा खाली नेते.

त्यानंतर कागद. दवाखान्याचा केसपेपर, जखमेची श्रेणी (रक्त आलेला खोल चावा तिसऱ्या श्रेणीत मोडतो), लसीच्या तारखा, औषधांची बिले, बुडालेली कमाई. आणि कमाईपाशी आपल्या भागातली माणसे अडतात. बारामती-इंदापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायकोला कुत्रा चावला तर एकाची नव्हे, दोघांची मजुरी थांबते. मुकादमाची उचल मात्र थांबत नाही. पगाराची पावती कुठून आणायची? अशा वेळी न्यायालय अंदाजाने उत्पन्न धरते, आणि अंदाज बहुधा कमीच निघतो. घरकामाचा हिशेब तर कोण मांडणार?

आता कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळरानांवर येऊ. पहिले इंदापूर तालुक्यात, दुसरे बारामतीत. येथे लांडगे आहेत. लांडग्याने माणसाला गंभीर जखमी केले तर राज्य सरकारच्या वन्यप्राणी नुकसानभरपाईत ५ लाख रुपये, कायमचे अपंगत्व आले तर साडेसात लाख, मृत्यू झाला तर २५ लाख. मालक कोण, त्याला माहीत होते का, काळजी घेतली का, यांतले काही विचारले जात नाही. वन्यप्राणी राज्याचा, म्हणून दातही राज्याचे. त्या यादीत लांडगा आहे, कोल्हा आहे, तरस आहे, जंगलातला रानकुत्राही आहे. गावातला कुत्रा नाही. म्हणून मेंढी मेली की धनगराचे सारे लक्ष पंचनाम्यावर असते : वनरक्षक ‘लांडगा’ लिहितो की ‘कुत्रे’? त्या एका शब्दावर भरपाई उभी असते. आणि निसर्गाची गंमत अशी की, पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संकरित प्राण्याने चावा घेतला तर पंचनाम्यात काय लिहायचे, हे मला एका निवृत्त वनरक्षकाने हसत विचारले. मला उत्तर सुचले नाही.

बेवारस कुत्र्याचे दात कुणाचे, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर २०२३ मध्येच पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने दिले : प्रथम जबाबदारी राज्याची. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये. मांस सुटले असेल तर जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान २० हजार. म्हणजे एका सेंटिमीटरला एक लाख. त्वचा आणि मांस यांच्या पायऱ्या मी वर सांगितल्या, त्या आठवा. केरळमध्ये त्याआधीच, २०१६ पासून, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली न्यायमूर्ती सिरी जगन समिती अर्ज ऐकून रकमा सुचवत होती.

यांतले काहीही महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही; युक्तिवादात दाखला म्हणून देता येते. मला जवळचा वाटतो तो मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा खड्ड्यांविषयीचा आदेश : खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. रस्ता नीट ठेवणे हे ज्या संस्थेचे कर्तव्य, तिनेच पैसे द्यायचे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हेही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांचेच काम आहे. मग खड्ड्याला एक न्याय आणि त्याच खड्ड्याशेजारच्या कुत्र्याला दुसरा का, हा प्रश्न एखाद्या बारामतीकर वकिलाने न्यायालयात विचारावा असे मला फार वाटते.

मावशीचे म्हणाल तर तिने एक प्लास्टिकची पिशवी भरली आहे. केसपेपर, लसीचे कार्ड, टाक्यांचे फोटो आणि दूध संकलनाच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांचा गठ्ठा. त्यात ते तीन आठवडे लिटरांचा आकडा निम्म्यावर आलेला स्पष्ट दिसतो. परवा मावसभावाला मोबाईलमध्ये पाडव्याच्या दिवशीचा एक फोटो सापडला. शेजाऱ्याच्या अंगणात रांगोळी, मागे ट्रॅक्टरला हार, आणि कोपऱ्यात तोच कुत्रा, गळ्यात नवा लाल पट्टा. मावशीने त्याची प्रिंट काढून आणायला सांगितली आहे. “रंगीत काढ,” म्हणाली, “पट्टा दिसला पायजे.”