नकाशाचे रुंदी-उंची गुणोत्तर

संगणकीय नकाशात आडव्या व उभ्या अक्षांच्या मापांतील प्रमाण. मॅटप्लॉटलिबसारखी प्रणाली, वेगळे सांगितले नाही तर, मिळालेली चौकट भरेल असा आलेख ताणते. तापमानाच्या आलेखाला ते चालते, देशाच्या आकाराला नाही. दोन्ही अक्षांना समान माप देऊनही भागत नाही. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किमी. भरतो, रेखांशाचा मात्र अक्षांशाच्या कोसाइनप्रमाणे आखडतो : ऑस्लोजवळ, ६०° उत्तरेला, तो निम्माच उरतो आणि नॉर्वे आडवा फुगतो. म्हणून उभे माप मध्य अक्षांशाच्या कोसाइनने भागून वाढवतात. मुंबईजवळ (१९°) ही वाढ जेमतेम १.०६ पट, चूक सहज खपून जाते. मर्केटर प्रक्षेपणाने निर्देशक आधीच मीटरमध्ये बदललेले असल्यास समान मापच योग्य. तेथे पुन्हा भागले तर नकाशा उभा लांबतो.