अमळनेरचा शेअर आणि कपाशीतली तूर

आमच्या एरंडोलमध्ये चहाच्या टपरीवर शेअर बाजाराचा विषय निघाला की कुणीतरी अमळनेरचं नाव घेतोच. "विप्रोचे शेअर ज्यांनी धरून ठेवले, ते बघा कुठं पोहोचले!" गोष्ट खरी आहे. पण तिच्यातून आपण जो धडा काढतो, तो बरोबर आहे का, असा प्रश्न मला गेल्या वर्षभरात पडला. त्याला कारणही आहे. मी १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला शिक्षक. जुनी पेन्शन आम्हाला नाही. म्हातारपणीचा पैसा बाजारावर अवलंबून असणार, हे आमच्या नशिबी लिहिलं गेलं आहे.

आधी इतिहास पाहू. मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली आणि कारखाना अमळनेरला उभा केला. तिथे वनस्पती तूप आणि साबण तयार होऊ लागला. गावातल्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले. १९६६ साली हाशिमसाहेबांचं निधन झालं आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून परतले. तुपाची ही कंपनी १९८० नंतर संगणकात उतरली. पुढचा हिशेब कुणीही मांडावा. २००३ साली ज्याच्याकडे ३०० शेअर होते आणि ज्याने एकही विकला नाही, त्याचे २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि २०२४ च्या बोनसनंतर १६,००० झाले. बोनस म्हणजे एकाच भाकरीचे जास्त तुकडे, हे खरं. पण इथे भाकरीही मोठी होत गेली.

आता त्याच अमळनेरची दुसरी गोष्ट. प्रतापशेठांची कापडगिरणी या गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. गाव तिच्या भोंग्यावर उठायचं. १९४६ साली अमळनेरच्या चौकात उभं राहून कुणी विचारलं असतं, "पैसा गिरणीत लावू की नव्या तुपाच्या कारखान्यात?", तर जाणत्या माणसांनी बहुधा गिरणीकडेच बोट दाखवलं असतं. ती गिरणी बंद पडली. जळगावची खानदेश मिलही बंद पडली. टपरीवर या गिरण्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. जिंकलेल्याची गोष्ट उरते, हरलेल्याची पुसली जाते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तरी हे माहीत असायला हवं.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. ईदला आला तेव्हा लॅपटॉप उघडून म्हणाला, "मामू, आता अंदाज कशाला लावायचा? कुठल्या शेअरमध्ये किती पैसा ठेवायचा, ते सॉफ्टवेअर सांगतं." त्यानं दहा कंपन्यांचे पाच वर्षांचे भाव त्यात भरले. बटण दाबलं. उत्तर आलं: जवळजवळ तीन चतुर्थांश पैसा एकाच कंपनीत ठेवा! म्हणजे संगणकही टपरीवरचीच गोष्ट सांगत होता.

या सॉफ्टवेअरचं मूळ १९५२ सालच्या एका लेखात आहे. हॅरी मार्कोविट्झ या तरुण अमेरिकन अभ्यासकाने त्यात दाखवलं, की एकेक शेअर किती धोक्याचा आहे एवढंच पाहून चालत नाही. ते एकत्र पडतात की वेगवेगळे, हे पाहायला हवं. आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. कपाशीत तुरीचे तास तो उगाच घेत नाही. कपाशीवर कीड पडली किंवा भाव कोसळला, तर तूर हात देते. पण दोन्ही पिकं कोरडवाहू असली आणि पाऊसच आला नाही, तर दोन्ही जातात. पिकं दोन, धोका मात्र एकच. मार्कोविट्झ यांनी हे गणितात बसवलं आणि १९९० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

अडचण हिशेबाची होती. १०० कंपन्या घेतल्या तर ४,९५० जोड्या तपासाव्या लागतात. विल्यम शार्प यांनी १९६३ साली सोपी रीत काढली, तेव्हा त्या काळच्या मोठ्या संगणकावर ३३ मिनिटांचं काम ३० सेकंदांवर आलं. आज तेच काम एक्सेलमध्ये क्षणात होतं आणि फुकटात मिळणारी साधनंही भरपूर आहेत.

पण वेग वाढला म्हणून शहाणपण वाढत नाही. रिचर्ड मिशो यांनी १९८९ सालीच बजावलं होतं, की ही साधनं चुका मोठ्या करून दाखवतात. ज्या शेअरचा मागचा काळ योगायोगाने चांगला गेला, त्यालाच ती डोक्यावर घेतात. खुद्द मार्कोविट्झ यांनी स्वतःच्या निवृत्तीचा पैसा वाटताना हे गणित मांडलं नाही. सरळ अर्धा शेअरमध्ये आणि अर्धा रोख्यांमध्ये ठेवला.

आपल्या समाजापुढे आणखी एक प्रश्न असतो. व्याज नको, म्हणून अनेकांचा पैसा सोन्यात, प्लॉटमध्ये किंवा कपाटात पडून राहतो. मुंबई शेअर बाजारात २०१० पासून शरियतच्या कसोटीवर निवडलेल्या कंपन्यांचा निर्देशांक आहे. सॉफ्टवेअरमध्येही अशी अट घालता येते: बँका नकोत, दारू नको, फार कर्जबाजारी कंपन्या नकोत. मात्र बँका वगळल्या की यादी आयटी, औषधं अशा मोजक्या क्षेत्रांकडे झुकते. अट पाळायची असेल तर हा झुकाव माहीत असलेला बरा. आणि सगळे प्लॉट एकाच गावात घेणं हीसुद्धा कोरडवाहू जमिनीतली दोन पिकंच आहेत.

सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब मुलांना इजिप्तला पाठवताना एकाच दरवाजाने आत न जाता वेगवेगळ्या दरवाजांनी जायला सांगतात. पण अल्लाहच्या इच्छेपुढे माझा हा उपाय चालणार नाही, हेही लगेच बजावतात. तदबीर करायची, पण तिलाच तकदीर समजायचं नाही.

मी भाच्याला सांगितलं, "बेटा, एका कंपनीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशी अट घाल आणि पुन्हा बटण दाब." नवा आकडा आधीइतका आकर्षक नव्हता. मी तोच वहीत उतरवून घेतला.