मुखपृष्ठ ओढायचं, मजकूर वाचायला लावायचा

चित्र दाखवून माणूस मजकुराकडे ओढायचा, हा उद्योग आमच्या गिरगावात जुनाच. 1894 साली राजा रविवर्म्यानं इथेच शिळाछापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. छापखाना पुढे घाटकोपरला, मग मळवलीला गेला. पण रंगीत चित्राची चटक मुंबईकराला लागली ती लागलीच.

तिचा फायदा मासिकवाल्यांनी उचलला. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. पुढे दिवाळी आली की पेपरवाल्याच्या दोरीवर मुखपृष्ठांची रांग लटकायची. त्या रांगेत दुरून ओळखू यायचे ते चित्रकार दीनानाथ दलाल. जन्म मडगावचा, 1916 सालचा. 1945 मध्ये त्यांनी स्वतःचाच ‘दीपावली’ अंक काढला, म्हणजे चित्रही त्यांचं आणि दुकानही त्यांचं! दलालांची बाई बघायला थांबलेलं गिऱ्हाईक आतली कथा वाचूनच पुढे सरकायचं.

आमची मावशी तर अंक चित्रावरूनच निवडायची. तिला लेखकाचं नाव विचारा, गप्प. मात्र घरी आणला की जाहिरातींसकट वाचून काढायची, आणि नंतर मुखपृष्ठ कापून चौकटीत. चाळीत हे सर्रास चाले, वाचनालयातून आणलेल्या अंकांच्या बाबतीतही. वाचनालयवाले म्हणूनच वैतागत, अन् अंकांना खाकी कागदाचं कव्हर घालत.

सगळेच अंक त्या मुखपृष्ठाला जागत, असं नाही. काहींत बाहेरच दिवाळी असे, आत नुसता भुसा. 1971 मध्ये दलाल गेले. दोरीवरची चढाओढ मात्र थांबली नाही.