अल्प उत्पादनाची मीमांसा : संघटनेचे तीन सिद्धांत

कामगार शक्य तितके काम करीत नाही, ही कारखानदारीतील जुनी तक्रार होय. तिची मीमांसा एखादा संप्रदाय कशी करतो, यावरून त्याची संघटनेविषयीची मूळ कल्पना ओळखता येते.

फ्रेडरिक टेलर यांनी आपली तत्त्वे १९११ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. काम वाढले की मालक नगामागील दर उतरवितो, म्हणून कामगार हात आखडता घेतो, हे त्यांनी नेमके हेरले होते. मात्र त्यांनी सुचविलेला उपाय असा : घड्याळ लावून कामाची सर्वोत्तम रीत ठरवावी, योजना कचेरीने करावी, कामगाराने ती पाळावी आणि मोबदला ज्याचा त्याला द्यावा. कामगारांचा गट हा त्यांच्या लेखी अडथळाच होता.

शिकागोनजीकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. त्यांतील अखेरच्या टप्प्यात १४ कामगारांचे निरीक्षण करण्यात आले. रोज किती काम करावयाचे, हे त्यांनी आपसांत ठरविले होते. मर्यादा ओलांडणाऱ्याची टवाळी होई, प्रसंगी दंडावर ठोसाही बसे. टेलर यांना जे दुर्वर्तन वाटले असते, त्यात एल्टन मेयो यांच्या संप्रदायाला अनौपचारिक संघटना दिसली. तथापि कामाची आखणी कोणी करावी, हा प्रश्न मेयो यांनी जवळजवळ अस्पर्शितच ठेवला.

त्या प्रश्नाला हात घातला तो लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेने. १९५३ मध्ये ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतील स्वयंचलित मागांच्या विभागाची पाहणी केली. नवे माग येऊनही अपेक्षित उत्पादन निघत नव्हते. कामे अनेक प्रकारांत विभागलेली. ठरावीक मागांची समग्र जबाबदारी कोणत्याही एका गटाकडे नव्हती. छोट्या गटांकडे ठरावीक माग सोपविण्याची कल्पना निघताच तिचा तपशील कामगारांनी व देखरेख करणाऱ्यांनी स्वतःच ठरविला. आरंभीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले. १९७० च्या सुमारास एरिक मिलर यांनी फेरपाहणी केली, तेव्हा ही पद्धत एका विभागात बहुतांशी टिकून होती, अन्यत्र मागे पडली होती.

तात्पर्य, हे तीन सिद्धांत म्हणजे प्रगतीच्या चढत्या पायऱ्या नव्हेत. दोष व्यक्तीच्या हिशेबात, गटाच्या भावनेत की कामाच्या रचनेत, याविषयीचा हा मतभेद आहे. आणि रचनेचा अधिकार कोणाचा, हा त्यामागील खरा वाद होय.