झाकणावरची यादी

यवतला पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या दुरुस्तीच्या दुकानात हार्ड डिस्क आली, मग ती ढाब्याच्या सीसीटीव्हीतली असो वा फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रातली, की जाणता कारागीर आधी ‘स्मार्ट’चा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदींचा, तक्ता उघडतो आणि पाचव्या क्रमांकाची ओळ बघतो. खराब निघाल्यामुळे किती सेक्टर बदलले, त्याचा तो आकडा.

या ओळीचं कूळ सगळे आयबीएमला जोडतात. १९९२ मध्ये डिस्क बिघडण्याआधी इशारा देणारी सोय त्यांनी आणली, १९९५ मध्ये कॉम्पॅकने आपली पद्धत सर्वांसाठी खुली केली, त्यातून ‘स्मार्ट’ आलं. खरं आहे, पण मूळपुरुष मला वेगळाच वाटतो. भंगारातल्या सीगेटच्या २० एमबीच्या जुन्या डिस्कवर तो सापडला. झाकणावर कागद चिकटवलेला, त्यावर सिलिंडर आणि हेडचे क्रमांक. म्हणजे जन्मतःच खराब असलेल्या जागांची यादी, खुद्द कारखान्याने दिलेली! निर्दोष चकती बनवणं परवडत नव्हतं, म्हणून दोष उघड सांगून माल विकायचे. डिस्क बसवणारा डॉसच्या डीबगमध्ये ‘जी=सी८००:५’ देऊन कंट्रोलरचा प्रोग्राम चालवायचा आणि लेबल बघत आकडे हाताने भरायचा. एखादा चुकला, तर खराब जागेवर कुणाचा तरी हिशेब लिहिला जायचा.

पुढे डॉस अशा जागांवर ‘एफएफ७’ अशी खूण करून त्या वाटेला जायचाच नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी हे बरोबर हेरलं. त्यांचा ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीवरच्या चांगल्या जागा खराब म्हणून नोंदवायचा आणि तिथेच दडून बसायचा. दोषांच्या यादीची अशी उसनवारी दुसरी नसेल!

आयडीई जोडणी आली, कंट्रोलर डिस्कवरच बसला आणि यादी झाकणावरून पोटात गेली. तिचे दोन भाग झाले: कारखान्यातले दोष ‘पी’ यादीत, वापरात वाढलेले ‘जी’ यादीत. पाचवी ओळ मोजते ती या वाढीव दोषांचीच भर. म्हणून माझा दावा असा, की ‘स्मार्ट’ने इथे नवं काही शोधलं नाही, दडलेल्या यादीची बेरीज तेवढी दाखवली.

आयबीएमचे पक्षपाती म्हणतील, लेबल झालेलं सांगतं, ‘स्मार्ट’ होणारं. पण २००७ मध्ये गूगलने एक लाखाहून जास्त डिस्क तपासल्या, तेव्हा बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर या ओळीसह चारही मुख्य खुणा कोऱ्या होत्या. भविष्य म्हणून ती कच्चीच. हिशेब म्हणून मात्र चोख.

तेव्हा पाचवी ओळ वाढताना दिसली तर आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, ‘चेकडिस्क’ त्यानंतर चालवा. त्याची सेक्टर तपासणी मरायला टेकलेली डिस्क पुरती दमवते. आणि त्याच तक्त्यातली १९९ क्रमांकाची, डेटा ने-आण करतानाच्या चुका मोजणारी ओळ वाढत असेल, तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा.